चष्म्यातला लाल कागद

हे अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, मुलीच्या नाही. देवापुढं उभा राहिलो तरी तोंडातून दुसरंच काहीतरी निघतं — गुडघे बरे कर, पोरीचं चांगलं कर, असलं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं ही जीभ गपगुमान आत बसते, तशी सवयच लावलीय मी तिला.

बारामतीजवळच्या एका शाळेच्या मैदानात रेल्वेचा जुना सिग्नल उभा आहे. लोखंडी खांब, वर लाल रंगाचा हात, हातावर पांढरा पट्टा. खाली फरशीवर लिहिलंय की हा सिग्नल अमक्या माणसाच्या प्रयत्नांमुळं जतन झाला. तो अमका माणूस म्हणजे मी. त्याबद्दल मला शाल मिळाली, नारळ मिळाला, गुरुजींनी भाषणात मला ‘इतिहासाचा राखणदार’ म्हटलं. शालीची घडी अजून मोडलेली नाही. नारळ बायकोनं त्याच दिवशी फोडून वाटणात घातला, ते एक बरं केलं.

लोक म्हणतात, या माणसाचा जुन्या वस्तूंवर फार जीव. खोटं नाही ते. पण —

थांबा, आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी दिवेवाला होतो. नव्वद साल उजाडलं तरी आमच्या लाइनीवरच्या सिग्नलांना वीज नव्हती, रॉकेलचे दिवे होते. दुपार कलली की रॉकेलचा डबा घेऊन निघायचं. खांबावर चढायचं, दिव्याची काजळी पुसायची, वात कापायची, रॉकेल भरायचं, पेटवायचा, उतरायचं. पुढचा खांब. दिव्याचा उजेड पांढराच असतो. त्याला रंग मिळतो तो चष्म्यातून. हाताच्या मुळाशी एक लोखंडी चौकट असते, तिच्यात दोन काचा, एक लाल आणि एक हिरवी — तिला आम्ही चष्मा म्हणायचो. हात आडवा असला की दिव्यापुढं लाल काच येते, हात खाली पडला की हिरवी. ड्रायव्हरला उजेडी हात दिसतो, अंधार पडला की फक्त चष्मा. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आणि किसनतात्या. तात्या ओढ्याजवळच्या फाटकावर गेटमन होते. मूळचे कळसचे, घर मेंढरं राखणाऱ्यांचं, घराण्यात नोकरी धरणारे हे पहिलेच. ‘मेंढरं सोडून लोखंड राखाय गेला’ म्हणून वडलांनी वर्षभर अबोला धरला होता म्हणे. तात्या हे हसत सांगायचे. माझी वाट फाटकावरून जायची, रोज त्यांच्या कोठीत बसून चहा व्हायचा. वयानं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, पण चेष्टेला बरोबरीचे. ‘नामा, तुझं बरं हाय गड्या,’ म्हणायचे, ‘दिवा लावला की सुटला. शिव्या खायाला फाटकावर मी.’

दिवाळी झाली की मेंढरांचे कळप कोकणाकडं निघतात. त्यातले बरेच तात्यांच्या फाटकातून जायचे. सिग्नलचा हात तात्यांच्या कोठीजवळच्या दांड्यानं, लांब तारेवरून हलायचा, आणि फाटकाचा कायदा सोपा होता — हात आडवा तोवर फाटक रस्त्याचं, हात पाडला की गाडीचं. कळप निम्मा पार झालेला असताना गाडीची वेळ झाली तरी तात्या फाटक लावायचे नाहीत. हात आडवाच ठेवायचे. गाडी सिग्नलपाशी उभी राहून शिट्या मारायची, मारू दे. मेंढरू एकदा पुढच्याच्या मागं लागलं की तोडता येत नाही, तोडलं तर बिचकून रुळावरच गोळा होतं. हे तात्यांना ठाऊक, कारण रक्तातच होतं. यात नियमाबाहेर काही नव्हतं. गाडीनं लाल पाहून थांबायचं, एवढंच लागत होतं.

लाल पाहून.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी तात्यांच्या सिग्नलवर चढलो असताना पाना हातातून सुटला आणि चष्म्यावर आदळला. लाल काच तडकली, मी हात लावला तर निखळून खाली. आता नवी काच मागायची म्हणजे फुटकी काच जमा करायची आणि कशी फुटली ते लिहून द्यायचं. त्या वर्षात माझ्या हातून आधीच एक दिवा फुटला होता आणि साहेबांनी चारचौघांत माझी लाज काढली होती. परत तेच ऐकून घ्यायचं? मी काय केलं — हसू नका — घरी पोरीसाठी आकाशकंदील करायला घेतला होता, त्याचा लाल जिलेटीन कागद आणला. तीन पदर केले, चौकटीत बसवले, बारीक तांब्याच्या तारेनं आवळले. खाली उतरून पाहिलं तर काचेपेक्षा लालभडक. खरं सांगू? मला स्वतःचं कौतुक वाटलं. दिवाळीनंतर बघू म्हटलं.

कंदिलाचा कागद चार दिवसांच्या सणासाठी असतो. आमच्याकडं लहान लेकराला विचारा, तुळशीच्या लग्नापर्यंत कंदील कसा होतो ते — फिका पडतो, पांढुरका होतो. उन्हानं होतो तसा. मला हे माहीत नव्हतं का? दरवर्षी मीच तो उतरवून फेकत होतो. पण घरचा कंदील वेगळा आणि सिग्नलचा चष्मा वेगळा, असं काहीतरी डोक्यात असावं. नाही — काहीच नव्हतं डोक्यात. मी विसरलो होतो, आणि आठवण झाली की बाजूला सारत होतो.

भाऊबीज झाली. तात्यांची धाकटी बहीण, सोनाआक्का, फाटकाच्या कोठीतच त्यांना ओवाळून गेली, कारण त्यांच्या माणसांचा मुक्काम पलीकडच्या शेतात पडला होता. तिच्या नवऱ्याचा कळप. दोन-चार दिवसांत निघणार होता. तात्या नवा पटका बांधून मिरवत होते. मला त्यांनी करंजी दिली.

त्यानंतरच्या एका दुपारी मी खांबावर चढलो आणि पाहिलं. कागद पार उतरला होता. फिकट, जुन्या खोडरबरासारखा. त्या दिवशी मात्र मी घाबरलो. स्टेशनच्या मागं एक बंद पडलेला सिग्नल होता, परत जाऊन त्याची लाल काच काढली, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. तोवर दिवस कलला होता. सासुरवाडीहून मेहुणे आले होते, जेवायला घरी थांबले होते. आता परत तेवढं चालायचं, चढायचं, तार सोडायची — उद्या सकाळी पहिलं काम हेच, असं ठरवून मी घरी गेलो.

काच माझ्या पिशवीत होती. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. ती मिळत नव्हती असं नाही.

दिवेलागण होऊन अंधार पडला तेव्हा मी अंगणात बसलो होतो. लांबून शिटी ऐकू आली, एक सलग, न थांबणारी, आणि मग ब्रेकचा आवाज. मी पिशवी घेतली आणि सायकल काढली. मेहुण्यांना वाटलं, कामाचा माणूस, धावला.

गाडी फाटक ओलांडून पुढं जाऊन उभी होती. सगळे तिकडं. ओरडणं, रडणं, मेंढरांचा कालवा. माणसाला काही झालं नव्हतं, पण रुळावर मेंढरं पडली होती — किती ते सांगत नाही, मी मोजायला थांबलोच नाही. तिकडं गेलोच नाही मी. सिग्नल अलीकडं होता, लांब. हात आडवाच होता, तात्यांनी ठेवला होता तसा. आणि दिव्यातून पांढुरका उजेड येत होता, शेतातल्या मोटारीच्या खोपटावर असतो तसला. ड्रायव्हरला तो तसाच वाटला असणार.

मी चढलो. कागद फाडून काढला, तार ओढून तोडली, काच बसवली. खाली उतरलो तर वर लाल उजेड, ठसठशीत. तिकडं बाई रडत होती — सोनाआक्काच असणार. कागद मी तोंडात कोंबला. का, ते मला आजही कळत नाही. खिशात ठेवता आला असता.

चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणाला, लाल नव्हता. गार्डही तेच म्हणाला. काच तर शाबूत, दिवा पेटता. साहेबांनी मला विचारलं, त्या दिवशी चष्मा बरोबर होता का? मी म्हणालो, होता साहेब. दोन शब्द. मग हिशेब सरळच होता — काच लाल आणि ड्रायव्हरला लाल दिसला नाही, म्हणजे हात खाली पडलेला असणार. फाटक उघडं असताना गेटमननं हात पाडला, आणि गडबड कळल्यावर परत वर घेतला. त्या जुन्या फाटकाला हे अडवणारं कुलूप नव्हतं. तात्या म्हणत राहिले, ‘साहेब, हात मी पाडलाच न्हाय. आईची आण.’ आईची आण कागदावर कशी लिहिणार? तात्यांना नोकरीवरून काढलं.

नोकरी गेली ती गेली. पण मेंढरं सोनाआक्काच्या घरची होती. ‘सख्ख्या भावानं गाडीखाली घातली’ — कळसपासून लोणी भापकरपर्यंत पाहुण्यांत हेच झालं. कुणी म्हणालं प्याला होता, कुणी म्हणालं झोपला होता. तात्यांनी उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. पुढच्या भाऊबीजेला आक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तात्या कोरं धोतर नेसून दारात बसायचे, दिवस मावळला की आत जायचे. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. मी मान हलवली.

मी त्यांच्याकडं जात राहिलो, हे तर सांगायचंच राहिलं. लोकांना त्याचंही कौतुक. सगळे तुटले, नामा तुटला नाही. अहो, नामा कसा तुटेल? नामा बघायला जात होता, म्हाताऱ्याला काही उमगलंय का ते.

उमगलं नव्हतं. पण त्यांच्या डोक्यानं एक धरलं होतं — खोट सिग्नलात आहे. तार अडकली असेल, चष्म्यात काही असेल, कुणीतरी जाणता माणूस तो सिग्नल उतरवून नीट तपासेल त्या दिवशी खरं बाहेर पडेल. ते अर्ज करायचे. अर्ज कोण वाचतो?

आणि त्यांचं खरं होतं बघा. चष्म्याच्या चौकटीत, खाचेत, माझ्या तांब्याच्या तारेचा तुकडा अडकून राहिला होता आणि दिव्याच्या धगीनं चिकटलेला कागदाचा लाल लगदा होता. मी त्यावर काळा रंग मारला होता. खरवडलं असतं तर निघालं असतं.

काही वर्षांनी, नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा, जुने सिग्नल उतरवायचं ठरलं. विजेचे दिवे येणार. लोखंड भंगारात जाणार. शाळेच्या गुरुजींना हळहळ वाटली, त्यांनी एक सिग्नल शाळेसाठी मागितला आणि वरच्यांनी हो म्हटलं. कुठला द्यायचा? दिवेवाल्याला विचारा, त्याला सगळे माहीत. दिवेवाला तोवर नावालाच उरला होता, पण विचारायला मीच.

तात्यांना कुठून तरी कळलं. एस. टी.नं आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मला हातानं चाचपलं. ‘नामा, माझा ठेव. बाकीचे गेले तरी जाऊंदेत. माझा तेवढा भंगारात घालू नगंस. त्यो हाय तवर मला आस हाय.’ मी म्हटलं, ‘ठेवतो तात्या.’ त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

भंगारवाल्याचा ट्रक आला त्या दिवशी मी सकाळीच गेलो. कुठल्या खांबापासून सुरुवात करायची, त्यानं विचारलं. मी ओढ्याजवळचा दाखवला. कटर लावला, हात सुटला, चष्मा सुटला. चष्मा मी स्वतः उचलून ट्रकमध्ये टाकला, सगळ्यात खाली, आणि त्यावर बाकीचं पडू दिलं. स्टेशनाकडचा दुसरा एक सिग्नल शाळेत पाठवला. रंगरंगोटी करून उभा केला, दिसायला अगदी देखणा.

कार्यक्रमाला तात्या आले होते. शाल घेऊन मी खाली उतरलो तर ते सिग्नलपाशी उभे. सिग्नलचा हात अजून खांबावर चढवलेला नव्हता, लोकांना पाहता यावा म्हणून टेबलावर ठेवला होता. तात्या त्यावर बोटं फिरवत होते, टोकापर्यंत. परत मुळाशी. परत टोकापर्यंत.

‘हितं वाकल्यालं हुतं,’ ते म्हणाले. ‘रंगाला उतरावला तवा रुळावर पडून कोपरा वाकला हुता. ह्यो माझा न्हाय, नामा.’

‘तुमचाच हाय तात्या,’ मी म्हटलं. ‘शाळेत ठिवायचा म्हणून कोपरा ठोकून सरळ केला.’

त्यांचं बोट कोपऱ्यावरच होतं. वीस वर्षं ज्या लोखंडाबरोबर काढली ते माणसाला कळत नाही का? कळलं होतं त्यांना. बोटाला कळलं होतं. मग ते म्हणाले, ‘तू म्हंतूस म्हंजी केला आसंल. मला काय दिसतंय आता.’

त्यांनी स्वतःच्या बोटापेक्षा माझ्यावर भरवसा ठेवला. मी पुष्कळ खोटं बोललोय, पण इतक्या स्वस्तात एकही पचलं नव्हतं.

पुढं ते दर आठवड्याला शाळेत यायचे. तेलाची बाटली आणायचे, शिपायाला शिडीवर चढवून हाताच्या खिळीत तेल सोडायला लावायचे. भेटेल त्याला सांगायचे, ‘ह्योच त्यो. ह्याला इचारा, हात वर हुता का न्हाय.’ गुरुजी कंटाळायचे, पण मनानं चांगले, चहा पाजून बसवायचे. ज्याला विचारायचं तो भलताच होता. खरा कुठल्या भट्टीत वितळला कुणास ठाऊक.

तात्या गेले ते हिवाळ्यात. दहाव्याला मी गेलो. न जाऊन कसं चालेल, घरचाच माणूस मी.

नदीकाठी पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरलो. बाभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा. एकही खाली येईना. मुलगा पुढं झाला, म्हणाला, आईला अंतर देणार न्हाय. कावळा हलला नाही. मग सोनाआक्का पुढं आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो, केस पांढरे झाले होते. पदर पसरून म्हणाल्या, ‘दादा, म्या समदं मनातनं काढलं. झाली आसंल चूक तुझ्या हातनं, माणसाच्याच हातनं हुती. माझा राग न्हाय. घास घे.’ रडत होत्या. कावळे तसेच. ऊन वर आलं. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आता, किती वेळ थांबायचं.

तेव्हा तात्यांची बायको माझ्याकडं वळली. ‘भावजी, तुमी बोला. त्येंचा जीव त्या सिग्नलात हुता.’

सगळ्यांनी मला वाट करून दिली. मी पिंडापुढं जाऊन हात जोडले. सोनाआक्का माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. आणि वाक्य तयार होतं, इतक्या वर्षांचं, अगदी जिभेच्या टोकाशी — चूक तुमची नव्हती तात्या, काच मी फोडली, कागद मी लावला. एवढंच म्हणायचं होतं. तात्यांसाठी उशीर झाला होता, पण ती बाई ऐकत होती. भावाला माफ करायला आलेली. ज्याचं माफ करण्यासारखं काही नव्हतंच.

मी म्हणालो, ‘तात्या, तुमचा सिग्नल शाळेत हाय. मी हाय तवर त्येला कुणी हात लावणार न्हाय.’

आणि कावळा आला. सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली, मोठा घास उचलून गेला. मागून दुसरा आला. लोकांनी श्वास सोडले, कुणी म्हणालं, बघा, एवढंच अडलं होतं. माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात पडला.

सोनाआक्का वाकल्या आणि माझ्या पाया पडल्या. ‘तुमच्यामुळं सुटला माझा भाऊ,’ म्हणाल्या.

मी पाय मागं घेतले नाहीत.